आबांची हरकत

निवृत्तीनंतर मी बारामतीला मुलाकडे राहायला आलो. सकाळी कालव्याच्या कडेनं फिरायला जाणाऱ्या म्हाताऱ्यांचा आमचा एक कंपू आहे. त्यात दोन मास्तर, एक बँकेतले, एक गुरांचे डॉक्टर आणि पोलीस म्हणाल तर मी एकटा. रोज एक विषय निघतो आणि चहाच्या टपरीपर्यंत पोचेस्तोवर त्याचा निकाल लागतो. मध्यंतरी विषय निघाला, खून करून जन्मठेप भोगणारे जे म्हातारे झालेत त्यांना पॅरोलवर सोडावं की नाही.

"अजिबात नाही," थोरले मास्तर म्हणाले. "मेलेला माणूस येतो का रजेवर?"

डॉक्टर म्हणाले, "अहो, ज्याला खुर्चीतनं उठवायला दोन माणसं लागतात तो कुणाचा खून करणार?"

"बसल्या बसल्या करेल की," बँकेतले म्हणाले. त्यांचा कुणावरच विश्वास नाही. नोकरीची सवय.

मग सगळे माझ्याकडं वळले. "तुम्ही यातले जाणकार. तुम्ही सांगा."

मी म्हणालो, "माझा गुडघा दुखतोय. बसू जरा."

गुडघा खरंच दुखत होता. पण मला उत्तरही येत नव्हतं. खरं तर या प्रश्नावरच माझी निम्मी नोकरी गेली. पोलीस म्हटलं की लोकांना दरोडे, पाठलाग, गोळीबार ऐकायचा असतो. माझा पाठलाग झाला तो कुत्र्यांनी केलेला, तोही पॅरोलच्या चौकशीला वस्तीवर गेलो असताना.

पॅरोलला सरकारी भाषेत अभिवचन रजा म्हणतात. म्हणजे "परत येतो" असं वचन देऊन मिळालेली सुट्टी. कैदी तुरुंगातून अर्ज करतो. तो अर्ज फिरत फिरत त्याच्या गावच्या ठाण्यात येतो आणि ठाण्यात जो हवालदार समोर दिसेल त्याच्या अंगावर पडतो. समोर बहुतेक मीच असायचो. मग मी गावात जायचं. घरच्यांना विचारायचं, माणूस सांभाळाल का. जामीनदार बघायचा. शेजाऱ्यांना विचारायचं. आणि शेवटी, ज्यांचं माणूस मारलं गेलं त्यांच्या दारात जाऊन विचारायचं, "याला सोडायला आपली हरकत आहे का?" अहवाल वर पाठवला की आपलं काम संपलं. मंजूर-नामंजूर वरचे साहेब बघतात.

ऐकायला सोपं वाटतं. पण एका कैद्याच्या बायकोला मी विचारलं होतं, "बाई, नवरा रजेवर येतोय, काही हरकत?" ती म्हणाली, "सायेब, इतक्या वर्सांनी निवांत झोपतीया. तेवडी झोप न्हेऊ नका." एका जामीनदारानं सही करायच्या आधी मला बाजूला घेतलं. "त्यो परत न्हाय गेला तर त्येच्या जागी मला बसावं लागंल का?" मी म्हटलं, "तसं नसतं हो." तर त्याचा चेहरा पडला. "न्हाय, म्हंजे जेवन कसं हाय तितलं? आमच्या सुनंच्या हातचं तुमी खाल्लेलं न्हाय."

पण मला सांगायचंय ते रंगनाथ तात्या आणि आबांबद्दल. गाव डाळजच्या अलीकडं-पलीकडं कुठंतरी आहे असं समजा. नावं बदललीत.

तात्या आणि आबा बांधाला बांध लागून असलेले शेतकरी. दोघांचा ऊस. आबांचा धाकटा भाऊ भानुदास. एका हंगामात ऊसतोडीची टोळी तात्यांच्या फडात जायची ती आयत्या वेळी भानुदासच्या फडात गेली. तात्यांचा ऊस वाळत चालला होता आणि तात्या तापट. ते फडावर गेले, ट्रॉलीची लोखंडी पिन उचलली आणि भानुदासच्या डोक्यात घातली. एकच घाव. भानुदास जागेवर गेला. तात्या पिन हातात घेऊन तिथंच बसून राहिले, पोलीस येईपर्यंत. त्यांना जन्मठेप झाली.

त्यानंतर तात्यांचा पॅरोलचा अर्ज आला की मी आबांकडं जायचो. आबा मला बाजेवर बसवायचे, स्वतः टोपी नीट करून समोर बसायचे आणि मी विचारायच्या आधीच सांगायचे, "हरकत हाय. खच्चून हाय. लिवा."

"आबा, 'खच्चून' लिहिता येत नाही."

"मग तिप्पट हाय आसं लिवा."

"कारण?"

"त्यो पळून जाईल."

दरवेळी हेच. तात्यांची सत्तरी उलटली, गुडघे गेले, एका डोळ्यात मोतीबिंदू झाला. तुरुंगाच्या डॉक्टरांचं पत्र अर्जाला जोडून आलं. मी ते आबांना वाचून दाखवलं. "हा माणूस काठीशिवाय चालू शकत नाही," मी म्हणालो. आबा म्हणाले, "म्हंजे काठी घेऊन पळंल."

त्या खेपेला मात्र वरच्या साहेबांनी हरकत बाजूला ठेवून रजा मंजूर केली. अट घातली, रोज भिगवणच्या चौकीत, म्हणजे माझ्याच पुढ्यात, हजेरी द्यायची.

तात्या आले. सकाळी सून सुनंदा त्यांना घेऊन चौकीत आली. बुटकेसे, पांढरे स्वच्छ कपडे, पायजमा. मला बघून खाडकन उभे राहिले, आणि मी "बसा" म्हणेपर्यंत बसले नाहीत. मग मी "बसा" म्हणालो आणि मान वर केली, तर दारात आबा. हातात पाण्याची बाटली, खांद्यावर भाकरीचं गाठोडं.

"आबा, तुम्ही का आलात?"

"मी बसनार हितं. त्यो येतो का न्हाय, बगनार."

"आला की. हा काय."

"आज आला. उद्याचं काय?"

चौकीत बाक एकच. आबा त्याच्या एका टोकाला बसले, तात्या दुसऱ्या टोकाला, पाठीला पाठ करून. हजेरी म्हणजे एक सही. तेवढी करून माणसानं घरी जायचं असतं. पण सुनंदा बाजार करून येईपर्यंत तात्यांना थांबावं लागायचं आणि तात्या आहेत तोवर आबा हलायचे नाहीत. आमचे फौजदार साहेब नवे, तरुण, नागपूरकडचे. ते मला आत बोलावून म्हणाले, "हवालदार, हे काय आहे? चौकी आहे की विरंगुळा केंद्र?"

बाहेर मात्र विरंगुळा नव्हता. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. जे काय बोलायचं ते माझ्यातर्फे.

"हवालदार, त्येला सांगा पाय आत घे. लोकं अडकून पडतील."

तात्या आबांपासून दोन हातांवर. तरी मी सांगायचं, "तात्या, पाय आत घ्या."

"हवालदार, त्येला सांगा, पाय दुमडत न्हाय."

"आबा, पाय दुमडत नाही म्हणतात."

"आयकलं मी! मी काय भैरा हाय का?"

तिकडं सुनंदाची वेगळीच तक्रार. "सायेब, दिवस मावळला की मामंजी दारात उबं ऱ्हात्यात. मोजा म्हनत्यात. मोजल्याबिगर आत यायाच तयार न्हाईत." तुरुंगात रोज बंदी व्हायच्या वेळी, म्हणजे कोठड्यांना कुलूप लावताना, कैदी मोजतात. इतक्या वर्षांची सवय. मी म्हटलं, "मग मोजा की." तिनं तसं केलं. रोज संध्याकाळी ती चुलीपुढनं उठायची, दारात जायची, सासऱ्याकडं बोट करून "एक" म्हणायची. तात्या समाधानानं आत जाऊन झोपायचे. पुढं तिनं शेळ्यांनाही त्याच रांगेत उभं केलं, म्हणजे एकाच फेरीत काम.

काही दिवसांनी सुनंदाला माहेरी जावं लागलं. तात्या एकटे निघाले. हजेरीची वेळ टळली तसे आबा बाकावरून उठले.

"पळाला! सांगत हुतो मी! नाकाबंदी करा!"

साहेब बाहेर आले. "कुणाची नाकाबंदी?"

"म्हाताऱ्याची!"

मी मोटरसायकल काढली. तात्या सापडले हमरस्त्याच्या पलीकडं, वडापच्या जीपवाल्यानं उतरवलं होतं तिथंच. ते तुरुंगात गेले तेव्हाचा रस्ता बैल निवांत ओलांडायचे असा होता. आता गाड्या सू सू करत जातात. तात्या काठी धरून उभे होते. मी विचारलं, "तात्या, थांबलात का?" ते म्हणाले, "कुनी जा म्हनलं न्हाय."

त्यांना पाठीमागं बसवून चौकीत आणलं. आबांनी त्यांच्याकडं खालून वर बघितलं. मग मला म्हणाले, "त्येला सांगा, उद्यापासनं मी आननार त्येला."

आबांकडं एक जुनी मोपेड होती. तिचा आवाज ती दिसायच्या बऱ्याच आधी यायचा. दुसऱ्या दिवशी आबा खरोखर त्याच मोपेडवर, मागं आपल्या भावाच्या खुन्याला बसवून, चौकीपुढं येऊन थांबले.

मी म्हणालो, "आबा, हे काय?"

"माज्या नजरंखाली ऱ्हायला पायजे त्यो."

"पण तो तर तुमच्या पाठीमागं बसतो. नजरेखाली कुठं?"

हा मुद्दा त्यांच्या ध्यानात आला नव्हता. विचार करून त्यांनी तोडगा काढला. तात्यांनी वाटभर मागून "हाय" म्हणत राहायचं. आवाज थांबला म्हणजे उडी मारली.

त्या दिवसापासून गावापासून भिगवणपर्यंत तात्या "हाय... हाय... हाय..." करत यायला लागले. आपल्याकडं "हाय" म्हणजे आहे. पण रस्त्यानं जाणाऱ्या परमुलखातल्या लोकांना हे काय माहीत? त्यांना वाटायचं, म्हातारा वेदनेनं विव्हळतोय आणि दुसरा म्हातारा त्याला दवाखान्यात नेतोय. गाड्या बाजूला व्हायच्या. भिगवणच्या एका मासळीच्या खानावळीचा मालक एकदा पाण्याचा तांब्या घेऊन धावत आला. "काय झालं हो यांना?" आबा म्हणाले, "काय न्हाय. खून केलाय त्येनं." मालक तांब्यासकट मागं गेला.

बाकावरच्या दोन पाठी हळूहळू वळल्या. मैत्री झाली असं मात्र समजू नका. एका बाजूला वळून बसल्यानं आबांची मान धरली होती, म्हणून ते सरळ बसायला लागले, एवढंच. एकदा तात्या माझ्याकडं बघून म्हणाले, "त्येला सांगा, भानुदासचा..." तेवढ्यात आबा ओरडले, "नाव घ्यायचं न्हाय! त्येला सांगा, नाव घ्यायचं न्हाय!" साहेब आतून धावत आले. मग त्या दिवशी दोघं मोपेडवर गेले ते "हाय" न करताच. मला दिवसभर काळजी. चांगलं चाललंय म्हणून मी हसत होतो, पण या बाकावर एक मेलेला माणूसही रोज येऊन बसत होता.

दुसऱ्या दिवशी आबांनी गाठोडं सोडलं, भाकरी न खाता पुन्हा बांधलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "हवालदार, त्येला इचारा. भानुदास शेवटी काय म्हनला?"

मी तात्यांकडं बघितलं. हा प्रश्न माझ्या तोंडून जाईना. पण तात्यांना ऐकू आलंच होतं. टोळी आत उसात होती, कडेला भानुदासजवळ शेवटचे होते ते तेच. भानुदासचं शेवटचं बोलणं जगात फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

तात्या म्हणाले, "त्येला सांगा... म्हनला, 'तात्या, दम घ्या. चा उकळतोय. चा पिऊन भांडू.'"

टोळीची चूल फडाच्या कडेला होती, तिच्यावर चहा चढवला होता. भानुदास भांडायला तयार होता. फक्त आधी चहा घ्यायचा होता.

आबांनी विचारलं, "चा म्हनला?" पहिल्यांदाच त्यांनी थेट विचारलं.

"व्हय."

"पिऊन भांडू म्हनला?"

"व्हय."

आबांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. "त्योच," ते म्हणाले. "त्योच आमचा भानुदास. घर पेटलं आसतं तरी म्हनला आसता, चा घेऊन इझवू." आणि मग ते खरंच रडले. तात्या मान खाली घालून बसले होते. काठी त्यांच्या हातातून निसटून पडली, ती कुणीच उचलली नाही. साहेब दारात येऊन उभे होते, ते परत आत गेले. थोड्या वेळानं आबांनी तोंड पुसलं, पडलेली काठी उचलून तात्यांच्या खांद्याला तिनंच ढोसलं आणि म्हणाले, "चल, ऊट. उशीर झालाय."

यावरून तुम्ही म्हणाल, आबांनी माफ केलं. मलाही तसंच वाटलं होतं. थांबा.

रजा संपली. परत जायच्या दिवशी कैद्यानं स्वतः तुरुंगाच्या दारात हजर व्हायचं असतं. संध्याकाळी बंदी व्हायच्या आत पोचला नाही की तो फरार. वर नवा गुन्हा दाखल होतो आणि पुन्हा रजेचं नाव नाही. तात्यांना घेऊन जायला त्यांच्या मुलानं साखर कारखान्यातून सुट्टी घेतली होती. आणि सकाळी सुनंदा रडत चौकीत आली. "मामंजी न्हाईत घरात. आबांची मोपेड वाजली हुती पहाटं."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे? हरकतदारानं कैदी पळवला?" एवढ्या नोकरीत मीही असं ऐकलं नव्हतं. कलम कुठलं लावायचं हेच आम्हाला सुचेना.

मी जीप घेतली. गावाकडं शोधलं, फडाकडं शोधलं, उजनीच्या पाण्याच्या कडेला शोधलं. तिथं मी पाण्यातही बघितलं, हे मान्य करतो. दोन म्हातारे, एकाच्या मनात इतक्या वर्षांचा राग. काहीही होऊ शकत होतं. तेवढ्यात एका खानावळीवाल्यानं सांगितलं, "त्ये बोंबलत जानारं म्हातारं? पुन्याच्या अंगाला गेलं की."

सापडले ते पाटसच्या अलीकडं. मोपेड रस्त्याच्या कडेला आडवी, पेट्रोल संपलेलं. दोघं बाभळीच्या सावलीत बसून आबांच्या गाठोड्यातली भाकरी खात होते. तात्यांचा घसा पूर्ण बसला होता.

मी जीपमधनं उतरलो तो ओरडतच. "आबा! काय केलंत हे? कुठं नेत होता याला?"

"कुटं म्हंजे? जेलात."

"मोपेडवर?"

"तुमच्यावर इस्वास न्हाय माजा. त्येच्या पोरावर बी न्हाय. एश्टीतनं मदीच कुटं उतरला म्हंजी? मी सोता दारात पोचवनार हुतो आन् पावती घेनार हुतो."

"अहो, मग आम्हाला सांगायचं तरी!"

"तुमी हरकत घेतली आसती," आबा म्हणाले.

मोपेड एका ढाब्यावर ठेवली आणि दोघांना जीपमध्ये घातलं. आबांना घरी जा म्हटलं, पण ते उतरायला तयारच नव्हते. बंदी व्हायच्या थोडं आधी आम्ही तुरुंगाच्या दारात पोचलो. पहारेकऱ्यानं तात्यांना ओळखलं, झडती घेतली. मग आबांकडं बघून विचारलं, "तुम्ही कोण? नातेवाईक?"

आबा ताठ झाले. "न्हाय. मी मयताचा भाऊ."

पहारेकरी एवढा गोंधळला की त्यानं त्यांना बसायला स्वतःची खुर्ची दिली. आत जाताना तात्यांनी मागं वळून बघितलं. बोलायला आवाज नव्हता. आबा माझ्याकडं वळून म्हणाले, "त्येला सांगा, डोळा दाखवून घे डागदरला. दुसरा बी जाईल."

पुढं वर्षभरानं वेगळाच कागद आला. म्हातारपण आणि वर्तणूक बघून तात्यांना कायमचं सोडावं का, यावर मयताच्या नातेवाइकांचं म्हणणं मागवलं होतं. माझ्या निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते. मी खुशीत गेलो. अख्खं गाव धरून चाललं होतं की आबा आता हो म्हणणार. सुनंदानं तर अंगणात सासऱ्यासाठी नवी बाज आणून ठेवली होती.

आबांनी टोपी नीट केली. "हरकत हाय."

मी पेन खाली ठेवलं. "आबा! अहो, तुम्हीच तर त्याला मोपेडवर घेऊन..."

"रजा द्या. पायजे तितक्यांदा द्या. मी न्यायला जाईन, पोचवाय जाईन. पन सोडू नका."

"का पण? अजून पळून जाईल वाटतं?"

"कुटं पळतंय ते," आबा म्हणाले. मग बांधाकडं बघितलं. "हवालदार, दरवेळी रजंचा कागद आला की तुमी येता. हितं बसता. भानुदासचं नाव काडता. मला इचारता. भानुदासची पोरं पुन्याला, त्येंला सवड न्हाय. गावात कुनाला याद न्हाय. त्यो एकदा सुटला, की मंग भानुदासचं इचारायला कोन येनार?"

मी ते सगळं जसंच्या तसं लिहिलं. साहेब वाचून म्हणाले, "छान आहे. पण हरकत आहे की नाही? एका शब्दात लिहायचंय." मी दोनदा प्रयत्न केला. शेवटी साहेबांनीच "आहे" लिहिलं. सुटका नामंजूर झाली. रजा मात्र तेव्हापासून मिळत आली आहे, आणि आबांच्या मुलानं मोपेड काढून घेतल्यामुळं आता दोघं वडापमधून जातात. मास्तरांना सांगायला माझ्याकडं उत्तर का नाही, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. सुनंदाची बाज मी बघितलेली आहे आणि आबांचा चेहराही.

परवा आबांचा फोन आला. आवाज चढलेला. "हवालदार, तुमच्या जागंवर कसलं पोरगं आलंय? फोनवर इचारलं त्येनं! 'आबा, पॅरोलला हरकत हाय का, हो का नाय सांगा, लाईनीवर हाय मी.' आसं आसतं व्हय?"

मी दुसऱ्या दिवशी एसटी धरली आणि गेलो. अंगावर वर्दी नाही, हातात कागद नाही, विचारायचा अधिकार तर मुळीच नाही. बाजेवर बसलो. आबा समोर बसले, टोपी नीट केली.

मी ठाण्यातल्या आवाजात विचारलं, "मयत भानुदास यांच्या खुनातील कैद्यास रजेवर सोडण्यास आपली काही हरकत आहे काय?"

"लिवा," आबा म्हणाले. मी रिकाम्या तळहातावर बोट पेनासारखं टेकवलं.

"भानुदास मला धाकटा. ल्हानपनी झाडावर झकास चडायचा, पन उतराया यायचं न्हाय त्येला. वर बसून बोंबलायचा. दरवेळी मलाच जावं लागायचं."